चौथी बाजू

पेटी मार्चात आली.
छोटा हत्तीतून, जालन्याच्या आयटीआयच्या फाटकापर्यंत,
आणि फाटकाला कुलूप, म्हणून तासभर उन्हात.
आत चार कानशी, एक गुण्या
आणि अडीचशे पानांचं पुस्तक, जर्मन पद्धतीचं:
तीन दिवस कारखाना, दोन दिवस वर्ग.
आपला आठवडा सहा दिवसांचा.
पहिल्याच पानावर हिशोब अडला.

फिटरचा निदेशक मी, म्हणून मराठी करायचं काम माझ्याकडे.
शेगडा, ओळंबा, पाना,
अवजारांना शब्द कमी पडले नाहीत.
अडलो तो एकाच जागी:
पोट भरायचं काम आणि माणसाची ओळख
त्यांच्याकडे एकाच शब्दात मावते.
धंदा लिहिलं. खोडलं.
व्यवसाय लिहिलं, तर परिपत्रकाचा वास आला.
शेवटी लिहिलं हुन्नर.
प्राचार्य म्हणाले, हे उर्दू झालं, काळवणे.
मी म्हटलं, सर, लेथला आपल्या गावात अजून खराद म्हणतात.

खरादवाल्या दस्तगीरमामूंना वाचून दाखवलं.
मोंढ्यामागं त्यांचं दुकान,
दहाव्या वर्षापासून उस्तादाच्या हाताखाली.
मला वाटलं, म्हणतील, हे तर आमचंच, यात नवं काय.
त्यांनी मधेच थांबवलं.
ते पान परत वाचा सर,
शिकणाऱ्यावर हात उचलायचा नाही, ते.
वाचलं.
आन पैसे पहिल्याच महिन्यापासून?
होय.
डाव्या हाताची वाकडी करंगळी
त्यांनी पुसता पुसता फडक्यात लपवली.
माप चुकलं की पाना बसायचा हितं.
म्या बी पोरांला तसंच शिकवलं.
दुसरं काय येतच नव्हतं.

मग रोलिंग मिलशी करार झाला.
हार, पेढे, फोटो, मालकाची सही.
सात मुलं आणि राही डोईफोडे,
बदनापूरहून सकाळच्या एसटीनं येणारी.

पुस्तकात एक वही आहे.
शिकणाऱ्यानं रोज लिहायचं, आज काय केलं.
आठवड्याच्या शेवटी कारखान्याची सही, मग माझी.
राहीची वही, जूनचा दुसरा आठवडा:

सोमवार. शेड झाडली.
मंगळवार. शेड झाडली. बायकांचं बाथरूम नाही म्हणून पाणी प्यायले नाही.
बुधवार. लाइट नव्हती. शेड झाडली.
गुरुवार. मोठ्या साहेबांच्या घरचा कूलर धुतला. हे शिकण्यात धरायचं का?
शुक्रवार. विचारलं, ठोकळा कधी देणार.

खाली सुपरवायझरची सही. न वाचता केलेली,
लफ्फेदार.

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं,
आणि मोटरसायकल काढली.
मॅनेजर म्हणाले, सर, मॉडेल तिकडचं, माणसं इकडची,
थोडं चालवून घ्यायचं.
मी काही बोललो नाही. वही उघडली
आणि सोमवारपासून मोठ्यानं वाचायला लागलो.
मंगळवारपाशी चहावाला पोरगा दारात थबकला.
गुरुवारपर्यंत कुणी खुर्ची हलवली नाही.

ऑफिसच्या बाथरूमची किल्ली मिळाली, तात्पुरती.
ठोकळा मिळाला.
कूलरचं मात्र पुढच्या आठवड्यात परत बोलावणं आलं.
मुलांपैकी दोघं सोडून गेली, एक पुण्याला
मोबाइलच्या गोदामात, तिथं लगेच जास्त देतात.
त्यांना अडवायला पुस्तकात पान नव्हतं.

ऑगस्टात राहीनं ठोकळा माझ्या टेबलावर ठेवला.
हाताला फोड, त्यावर हळद.
गुण्या लावून मी खिडकीकडे धरला.
एक बाजू, उजेड आत नाही.
दुसरी. तिसरी.
चौथीला केसाएवढी फट, तिच्यातून अख्खं अंगण दिसावं
इतका लख्ख उजेड.

अजून नाही, सर. माझ्याआधी तीच म्हणाली.
वहीतही तेच होतं:
शनिवार. तीन बाजू काटकोनात. चौथी अजून नाही.

इतक्या महिन्यांत त्या वहीवर
मी पहिल्यांदाच पूर्ण नावानं सही केली.
ती तोवर शेगडा आवळायला लागली होती.